ग्रिल केलेली कोळंबी : मसाल्यात किती वेळ मुरवावी आणि लिंबू केव्हा घालावे?

हिरवी_मिरची

नमस्कार. पुढच्या आठवड्यात घरी दहा माणसे जेवायला येणार आहेत आणि जेवणाआधी खाण्यासाठी मसाला लावून ग्रिल केलेली कोळंबी करण्याचा विचार आहे. साधने तीन आहेत : गॅसवर ठेवायचा बिडाचा खाचांचा तवा, वरून आच देणारे ग्रिल असलेला ओव्हन आणि बाहेर मोकळ्या जागेत वापरता येईल अशी कोळशाची लहान शेगडी. कृतींचा तुटवडा नाही. अडचण अशी की त्या एकमेकींशी मुळीच जुळत नाहीत आणि कोणीही कारण देत नाही. एका कृतीत लिंबाचा रस, लसूण आणि तेल यांत कोळंबी रात्रभर ठेवावी असे म्हटले आहे, दुसरीत तेच मिश्रण वीस मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये अशी ठळक सूचना आहे, तर तिसरीत मुरवण्याचा भागच वगळून मसाला भाजून झाल्यावर वरून लावला आहे.

दुसरी शंका भाजण्याविषयी आहे. तव्यावर कोळंबी टाकली की बहुतेक वेळा तिला पाणी सुटते, ती त्या पाण्यातच शिजते आणि अंगावर खरपूस रेघा उमटेपर्यंत आतून वातड होऊन बसते. हे मसाल्यामुळे होते, तव्यामुळे होते की कोळंबीच तशी असते, हे समजून घ्यायचे आहे. सोललेली घ्यावी की कवचासह, आणि आकार कोणता निवडावा, यावरही मत हवे आहे. कृपया नुसते प्रमाण न देता त्यामागचे कारणही सांगावे, म्हणजे साहित्य थोडेफार बदलले तरी अंदाज चुकणार नाही.

काटेकोर

मुरवणाच्या भांड्यात तीन निरनिराळी कामे एकाच वेळी चाललेली असतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा असतो. मीठ आत शिरते, मसाला बाहेरच राहतो आणि आंबट पदार्थ मांसाचा पोतच बदलतो. तुम्ही वाचलेल्या कृतींमध्ये ही तिन्ही कामे एकत्र बांधली आहेत, म्हणून त्यांचे आकडे एकमेकांशी भांडताना दिसतात. ती सुटी केली की बराचसा गोंधळ मिटतो.

मिठापासून सुरुवात करू. मिठाचे कण लहान असल्यामुळे ते खरोखर मांसात झिरपतात आणि तिथल्या प्रथिनांची रचना थोडी सैल करून त्यांना पाणी धरून ठेवायला मदत करतात. त्यामुळे आचेवर कोळंबीतून कमी पाणी निघते आणि ती आतून रसदार राहते. जाड मांसाच्या तुकड्यात यासाठी तासन्‌तास लागतात, पण कोळंबी मुळातच बारीक असल्यामुळे पंधरा ते तीस मिनिटे पुरतात. सोललेल्या अर्ध्या किलो कोळंबीला सपाट एक लहान चमचा, म्हणजे सुमारे सहा ग्रॅम बारीक मीठ योग्य पडते, आणि हे मीठ आधी लावले असेल तर मसाल्यात पुन्हा मीठ घालू नये.

मसाल्याबद्दल बहुतेकांच्या मनात एक भाबडी समजूत असते की तो जितका वेळ ठेवावा तितका आत जातो. लसूण, तिखट, मिरपूड, वाटलेली पाने यांतले स्वाद देणारे बहुतेक घटक पाण्यापेक्षा तेलात अधिक विरघळतात, आणि मांस हे बव्हंशी पाणीच असल्यामुळे ते पृष्ठभागाच्या फारसे आत शिरत नाहीत. रात्रभर ठेवल्याने यात लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. कोळंबीच्या बाबतीत मात्र हे नुकसान मानायचे कारण नाही, कारण तिच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग इतका मोठा असतो की प्रत्येक घासात बाहेरचा मसाला येतोच. मसाला तेलात कालवून भाजण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी चोळला तरी काम भागते.

आता आंबट. लिंबाचा रस चांगलाच तीव्र आम्ल असतो, आणि आम्लामुळे प्रथिने उष्णतेप्रमाणेच उलगडतात व एकमेकांत गुंततात. काचेच्या भांड्यात सोललेली कोळंबी लिंबाच्या रसात ठेवून पाहा : थोड्याच वेळात तिची राखाडी, अर्धपारदर्शक कांती कडेने पांढरी आणि अपारदर्शक होऊ लागते, जणू ती शिजते आहे. दिसायला शिजली तरी जंतूंच्या दृष्टीने ती कच्चीच असते, हे वेगळे सांगायला हवे, कारण आम्ल आचेची जागा घेऊ शकत नाही. अशी आधीच आम्लाने घट्ट झालेली कोळंबी जेव्हा तव्यावर जाते तेव्हा तिच्यात पाणी धरून ठेवण्याची ताकद उरलेली नसते. ते तव्यावर सांडते आणि आत राहतो तो कोरडा, खडूसारखा पिठूळ गर. तुमच्या दुसऱ्या शंकेचे अर्धे उत्तर इथेच आहे. रात्रभर ठेवण्याची सूचना जाड मांसाच्या एखाद्या कृतीतून जशीच्या तशी उचललेली असावी असा मला दाट संशय आहे, कारण तिथे ती थोडीफार तरी समर्थनीय असते. कोळंबीला मऊ करण्याची गरजच नसते. ती कोवळीच असते आणि आपले काम फक्त तिला तशीच राखण्याचे असते.

त्यामुळे माझे स्पष्ट मत असे आहे की लिंबू मुरवताना घालू नये, भाजून झाल्यावर गरम कोळंबीवर पिळावे. त्यावेळी रसाचा ताजा सुगंधही टिकतो, जो तव्यावर उडून जातो. मसाल्यातच लिंबाचा स्वाद हवा असेल तर लिंबाची किसलेली साल घालावी, कारण तिच्यात सुगंध असतो पण आम्ल जवळजवळ नसते. घट्ट टांगलेले दही वापरायचे असेल तर ते लिंबापेक्षा बरेच सौम्य असल्यामुळे अर्धा तास चालते. तव्यावर ठेवताना मात्र जास्तीचे दही निपटून काढावे.

एका गोष्टीपासून मात्र पूर्ण दूर राहावे. कच्ची पपई, ताजा अननस, किवी आणि काही प्रमाणात ताजे आलेसुद्धा प्रथिने तोडणारी विकरे बाळगून असतात. पपईतले पपेन आणि अननसातले ब्रोमेलेन जाड, चिवट मांसासाठी उपयोगी पडतात, पण कोळंबीचा थोड्याच वेळात लगदा करतात. डब्यातला अननस चालतो, कारण डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने ते विकर निकामी झालेले असते. आल्याची चव हवीच असेल तर ते अगदी शेवटी आणि थोडेच लावावे. कोळंबीच्या डोक्यातल्या पचनग्रंथीतही अशीच विकरे असतात, म्हणून डोक्यासह आणलेली कोळंबी लगेच करायची नसेल तर निदान डोकी तरी ताबडतोब काढून ठेवावीत.

निखारा

काटेकोर यांनी मुरवण्याचा भाग नीट मांडला आहे, पण मला वाटते की पाणी सुटण्याचा दोष मसाल्यापेक्षा ओल्या पृष्ठभागाचा आणि अपुऱ्या आचेचा जास्त असतो, आणि या दोन गोष्टींकडे कृतींमध्ये एका ओळीपेक्षा अधिक लक्ष कोणी देत नाही.

खरपूस रंग आणि भाजल्याचा वास ज्या रासायनिक क्रियेतून येतो ती साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे वेग घेते, आणि कोळंबीच्या अंगावर पाण्याचा थर आहे तोवर पृष्ठभागाचे तापमान १०० अंशांच्या वर जाऊच शकत नाही. त्यातही पाणी तापवणे सोपे असते, त्याची वाफ करणे महाग पडते : एक ग्रॅम पाणी शून्यापासून उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटींहून अधिक उष्णता तेवढ्याच उकळत्या पाण्याची वाफ व्हायला लागते. मसाल्याचे पातळ मिश्रण गळत असलेली कोळंबी तव्यावर टाकली की तव्याची सगळी ताकद आधी त्या पाण्यावर खर्च होते आणि तोवर आतली कोळंबी शिजून पुढे निघून गेलेली असते. म्हणून मीठ लावून ठेवलेली कोळंबी बाहेर काढल्यावर स्वच्छ सुती कापडाच्या दोन पदरांत पसरून, वरून दाबून, पाठीवरच्या चिरेतले पाणीसुद्धा टिपून घ्यावे. बोट लावल्यावर ती ओली नव्हे, किंचित चिकट लागली पाहिजे. त्यानंतरच तेल आणि मसाला चोळावा, आणि तोही इतकाच की भांड्याच्या तळाशी काही साचणार नाही.

तवा बिडाचा आहे हे उत्तम. तो रिकामाच मध्यम ते मोठ्या आचेवर किमान पाच मिनिटे तापवावा, तेल तव्याला न लावता कोळंबीला लावावे आणि एका वेळी इतक्याच कोळंब्या ठेवाव्यात की दोघींमध्ये बोटभर जागा राहील. ठेवताक्षणी जोरात चरचर आवाज आला पाहिजे आणि तो आवाज टिकला पाहिजे. आवाज मंदावून बुडबुड ऐकू येऊ लागली तर तवा गार पडला आहे किंवा गर्दी झाली आहे असे समजावे. तव्यावर ठेवल्यावर पहिले दीड-दोन मिनिटे ती हलवूच नये. रेघ उमटली की ती आपोआप सुटते, ओढून काढावी लागत नाही. उलटल्यावर मोठ्या कोळंबीला एक-दीड मिनिट पुरे होते. जाता जाता एक सूचना : हे काम नॉनस्टिक तव्यावर करू नये, कारण त्याचा लेप रिकामा आणि कडक तापवण्यासाठी बनवलेला नसतो, साधारण २६० अंशांच्या पुढे तो खराब होऊ लागतो आणि त्याचा धूर घातक असतो.

ओव्हनच्या ग्रिलमध्ये जाळी वरच्या आचेपासून आठ-दहा सेंटिमीटर अंतरावर ठेवावी आणि रिकामा ट्रे आत ठेवून आधी पूर्ण तापवून घ्यावा, म्हणजे वरून आणि खालून दोन्हीकडून आच मिळते. चव मात्र मी कोळशालाच पहिला क्रमांक देईन. कोळशांवर राखेचा करडा थर आला की ते एका बाजूला सरकवावेत आणि दुसरी बाजू मोकळी ठेवावी, कारण तेल ठिबकून ज्वाळा उठली तर कोळंबी क्षणात तिकडे हलवता येते. ज्वाळेत धरलेल्या कोळंबीला खरपूस चव येत नाही, काजळीची येते. शेगडी मात्र खरोखर उघड्यावरच असावी. घरात, बंद गच्चीत किंवा गॅरेजमध्ये कोळसा पेटवू नये, अगदी खिडकी उघडी ठेवूनही नाही, कारण कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीवघेणा असतो.

कवचाबाबत माझे मत बहुतेक कृतींच्या विरुद्ध आहे. कोळशावर करायची असेल तर कवच ठेवावे. ते आचेचा पहिला मारा स्वतःवर घेते, आतला गर मऊ राहतो आणि स्वतः भाजताना असा काही वास सोडते की सोललेल्या कोळंबीला तो कधीच येत नाही. मसाला आत जात नाही ही तक्रार खरी आहे, पण तिच्यावर उपाय सोपा आहे. लहान टोकदार कात्री घेऊन डोक्याकडच्या टोकापासून पाठीच्या मधोमध कवच कापत शेपटीच्या आधीच्या पेरापर्यंत जावे, गरालाही सुमारे अर्धा सेंटिमीटर खोल चीर द्यावी, सुरीच्या टोकाने काळा दोरा उचलून काढावा आणि त्या चिरेत बोटाने मसाला भरावा. भाजताना चीर उघडते, तिथला मसाला खरपूस होतो आणि पानात वाढल्यावर कवचही सहज निघते. शेपटीच्या पंख्यामधला टोकदार काटाही त्याच वेळी मोडून टाकावा, कारण तो टाळूला टोचतो.

आकार मोठाच घ्यावा. गोठवलेल्या पाकिटांवर १६/२० किंवा २१/२५ असे आकडे असतात. एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, तितक्या कोळंब्या बसतात असा त्यांचा अर्थ, त्यामुळे आकडा जितका लहान तितकी कोळंबी मोठी. ग्रिलसाठी १६/२० हे माप सोयीचे पडते. ३१/४० किंवा त्याहून बारीक कोळंबी अंगावर रंग येण्याच्या आत शिजून जाते, तिचे कालवण करावे.

मिठाची_बरणी

वरच्या दोन्ही प्रतिसादांत कोळंबी ताजी आहे असे गृहीत धरलेले दिसते. प्रत्यक्षात बहुतेकांच्या हाती येते ती गोठवलेली, आणि पाणी सुटण्याचे तिसरे कारण तिथे दडलेले असते. पाकिटाच्या मागे घटकांची यादी वाचावी. तिच्यात कोळंबीखेरीज ‘सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट’ किंवा नुसतेच फॉस्फेट लिहिलेले असेल, तर कोळंबीने पाणी धरून ठेवावे म्हणून तिच्यावर ती प्रक्रिया केलेली असते. तुम्ही विकत घेतलेल्या वजनातला काही भाग मग पाण्याचाच असतो, आणि ते पाणी पुढे तव्यावर येते. शक्य असल्यास ज्या पाकिटावर फक्त कोळंबी, किंवा फार तर कोळंबी आणि मीठ एवढेच लिहिले आहे ते निवडावे. यादीत मीठ असेल तर काटेकोर यांनी सांगितलेले मीठ निम्मे करावे.

बर्फ सोडवण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. आदल्या रात्री कोळंबी चाळणीत घालून, खाली वाडगा ठेवून फ्रिजमध्ये ठेवली की सुटणारे पाणी खाली गळून जाते आणि कोळंबी स्वतःच्या पाण्यात डुंबत राहत नाही. घाई असेल तर बंद पिशवीत घालून गार पाण्यात वीस-तीस मिनिटे ठेवावी. गरम पाण्याचा वापर करू नये, कारण त्याने बाहेरचा थर शिजू लागतो आणि आतला गोठलेलाच राहतो. ओट्यावर तासन्‌तास उघडी ठेवणे तर त्याहूनही वाईट. आधीच शिजवलेली, गुलाबी रंगाची गोठवलेली कोळंबी ग्रिलसाठी घेऊच नये, कारण दुसऱ्यांदा आच लागल्यावर ती वातड होण्याखेरीज तिच्यापुढे पर्याय नसतो.

एक उपाय अजून कोणी सांगितलेला नाही. अर्ध्या किलो सोललेल्या कोळंबीला मिठाबरोबर पाव लहान चमचा खाण्याचा सोडा चोळून पंधरा ते वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी. सोडा अल्कधर्मी असल्यामुळे प्रथिने आचेवर एकमेकांना फार घट्ट आवळत नाहीत, दाताखाली कोळंबी मऊ पण कुरकुरीत लागते आणि अल्कधर्मी पृष्ठभागावर खरपूस रंगही लवकर चढतो. ज्यांना शेवटच्या क्षणी पाहुण्यांशी बोलताना तव्याकडे अर्धा मिनिट दुर्लक्ष होण्याची भीती वाटते, त्यांच्यासाठी हा उपाय विशेष सोयीचा आहे. मात्र प्रमाण ओलांडू नये. सोडा जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि ती कुठल्याही मसाल्याने झाकत नाही.

हिरवी_मिरची

सर्वांचे मनापासून आभार. काही गोष्टी अजून स्पष्ट करून हव्या आहेत. सोडा लावायचा असेल तर तो आणि दही किंवा लिंबू यांची गाठ पडणार नाही असा क्रम कसा लावावा? कोळंबी झाली आहे हे नेमके कशावरून ओळखावे, कारण काही जण रंग सांगतात, काही आकार सांगतात, आणि सळईवर ओवलेली कोळंबी तर वाकतच नाही? शिवाय येणाऱ्यांपैकी एका व्यक्तीला कवचधारी जलचरांची ॲलर्जी आहे. तिच्यासाठी वेगळा पदार्थ करणारच आहे, पण तो त्याच तव्यावर केला तर चालेल का?

काटेकोर

सोड्याचा उपाय मीही मान्य करतो, फक्त दह्याच्या किंवा लिंबाच्या मसाल्याशी त्याची जोडी जमवू नये. दोन्ही एकत्र आले की फेस येतो, वायू निघून जातो आणि दोघेही एकमेकांना निकामी करतात. ना पोत मिळतो, ना आंबट चव. सोडा वापरायचा तर मसाला तेलाचा ठेवावा आणि लिंबू भाजल्यानंतरच पिळावे, दही वापरायचे तर सोडा विसरावा. दहा माणसांसाठी मी तेलाचाच पर्याय निवडेन.

हिशोब असा पडेल. प्रत्येकी पाच धरल्या तर पन्नास कोळंब्या लागतील, आणि १६/२० मापाने त्यांचे वजन सुमारे सव्वा किलो भरेल. त्यांना अडीच लहान चमचे मीठ आणि अर्ध्या लहान चमच्याहून किंचित जास्त सोडा लावून फ्रिजमध्ये वीस मिनिटे ठेवावे, धुऊ नये, फक्त कोरड्या टिपाव्यात. मसाल्यासाठी पाच मोठे चमचे तेल, अडीच लहान चमचे लाल तिखट, एक लहान चमचा जाडसर मिरपूड, दोन लिंबांची किसलेली साल आणि एक लहान चमचा साखर घ्यावी. साखर रंगासाठी असते, गोडीसाठी नव्हे, त्यामुळे ती वाढवू नये. मध तर भाजण्याआधी मुळीच लावू नये, कारण कोळंबी शिजण्याच्या आत तो करपून कडू होतो. लसणाचेही तसेच आहे. बारीक चिरलेला लसूण कडक आचेवर काळा पडतो, म्हणून तो मसाल्यात न घालता लोण्यात मंद आचेवर फक्त वास सुटेपर्यंत परतून ठेवावा आणि भाजलेली कोळंबी आचेवरून उतरताच त्या लोण्यात घोळून वरून लिंबू पिळावे. ज्या वाडग्यात कच्ची कोळंबी होती त्यात हे करू नये. कच्च्या कोळंबीला लागलेला मसाला उरला आणि तो वापरायचाच असेल, तर आधी खळखळून उकळून घ्यावा.

ओळखण्याबद्दल सांगायचे तर नुसता रंग पुरेसा नाही. कोळंबीत ॲस्टॅझँथिन नावाचे नारिंगी रंगद्रव्य असते, जे कच्चेपणी एका प्रथिनाला जखडलेले असल्यामुळे निळसर-राखाडी दिसते. उष्णतेने ते प्रथिन उलगडले की मूळ नारिंगी रंग मोकळा होतो. हा बदल कवचावर आणि बाहेरच्या थरात आतला गर शिजण्याच्या आधीच दिसू शकतो. सुटी कोळंबी अर्धचंद्रासारखी वाकली की झाली असे मानायला हरकत नाही, आणि शेपूट दुसऱ्या टोकाला टेकून गच्च कडे झाले की वेळ निघून गेली. सळईवर ही खूण चालत नाही, तिथे डोक्याकडच्या सर्वांत जाड भागात पाठीवरची चीर उघडून पाहावी. आतली काचेसारखी करडी झाक जाऊन गर मोत्यासारखा पांढरा आणि अपारदर्शक दिसला पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर तो त्याच जाड टोकातून लांबीच्या दिशेने आडवा घालावा. अन्नसुरक्षेच्या दृष्टीने ६३ अंश सेल्सिअस हे तापमान सांगितले जाते. पाहुण्यांत वृद्ध, लहान मुले किंवा गर्भवती स्त्री असेल तर त्याच्या खाली थांबू नये.

निखारा

सळयांविषयी दोन ओळी भर घालतो. एकाच गोल सळईवर ओवलेली कोळंबी उलटताना तिथल्या तिथे फिरते आणि पुन्हा तीच बाजू आचेवर येते, म्हणून एकतर चपटी सळई घ्यावी किंवा दोन सळया समांतर घालाव्यात. लाकडी काड्या अर्धा तास पाण्यात भिजवल्या तरी उघडी टोके जळतातच, ती आचेबाहेर राहतील अशी मांडणी करणे हा खरा उपाय आहे. कवचासह मोठ्या कोळंब्या ओवताना मध्ये थोडी जागा सोडावी, परंतु सोललेल्या कोळंब्या एकमेकींना चिकटवून, एकीचे डोके तर दुसरीची शेपूट अशा आलटूनपालटून गच्च ओवाव्यात; त्यामुळे त्यांचा एक जाडसर पट्टा तयार होतो, आतला भाग सावकाश शिजतो आणि बाहेरून रंग चढायला वेळ मिळतो. तव्यावर मात्र सळयांची गरज नाही, उलट त्यांच्यामुळे कोळंबी तव्याला पूर्ण टेकत नाही.

पन्नास कोळंब्या एका तव्यावर चार-पाच हप्त्यांत होतील. सगळ्या संपवून एकदम वाढण्याचा मोह टाळावा. पाहुणे आले की पहिला हप्ता टाकावा आणि झाला तसा लगेच बाहेर पाठवावा. एकावर एक रचून झाकून ठेवलेल्या कोळंब्या स्वतःच्या उष्णतेने शिजत राहतात आणि वाफेने त्यांची खरपूस कडही मऊ पडते. पुढच्या हप्त्यांतली कोळंबी तोवर फ्रिजमध्येच असावी, ओट्यावर नव्हे. दोन हप्त्यांमध्ये तव्यावर राहिलेला मसाला उलथन्याने खरवडून पुसून घ्यावा, नाहीतर तिसऱ्या हप्त्याला पहिल्याची काजळी लागते.

मिठाची_बरणी

ॲलर्जीचा प्रश्न विचारलात हे फार बरे केले. कोळंबीच्या ॲलर्जीला प्रामुख्याने ट्रोपोमायोसिन नावाचे स्नायूतले प्रथिन कारणीभूत असते आणि ते उष्णतेने सहजासहजी नष्ट होत नाही, त्यामुळे ‘तवा कडक तापवला म्हणजे काही उरत नाही’ हे म्हणणे इथे लागू पडत नाही. काही व्यक्तींना कोळंबी शिजतानाच्या वाफेनेही त्रास होतो. त्या व्यक्तीचा पदार्थ कोळंबीच्या आधी, वेगळ्या तव्यावर, वेगळा चिमटा, वेगळा ब्रश आणि वेगळे तेल वापरून पूर्ण करून झाकून ठेवावा. बिडाच्या खाचांच्या तव्यावर पूर्वी कोळंबी भाजलेली असेल तर तो घासूनही त्यांच्यासाठी वापरू नये, कारण खाचांत आणि मुरलेल्या थरात अंश राहू शकतो. कोळंबी बाहेर शेगडीवरच करता आली तर घरात वाफ साचण्याचा प्रश्नही उरणार नाही, आणि वाऱ्याची दिशा पाहून त्यांना दूर बसवता येईल. त्यांना किती प्रमाणात त्रास होतो हे आधी त्यांनाच विचारावे. काही जण कोळंबी त्याच घरात असणेही टाळतात, आणि तसे असेल तर त्या दिवशी दुसरा पदार्थ करणे हेच योग्य.

कोणाला दमा असेल तर पाकिटावर सल्फाइटचा उल्लेख आहे का तेही पाहावे. कोळंबीवर काळे डाग पडू नयेत म्हणून ते वापरतात, आणि दम्याच्या काही रुग्णांना त्याने त्रास होतो. ते काळे डाग स्वतः मात्र निरुपद्रवी असतात. कोळंबी बिघडल्याची खरी खूण अमोनियासारखा उग्र वास आणि बुळबुळीत स्पर्श ही आहे; तसा वास आला तर मसाल्याच्या भरवशावर पुढे जाऊ नये, टाकून द्यावी.

उरलेली कोळंबी दोन तासांच्या आत, आणि हवा फार गरम असेल तर तासाभरात, फ्रिजमध्ये गेली पाहिजे, आणि तीन दिवसांत संपवावी. ती पुन्हा तापवण्याच्या भानगडीत पडू नये. थंडच बारीक चिरून, काकडी, कांदा आणि थोडे लिंबू घालून खाल्ली तर पोत टिकतो, आणि आदल्या दिवशीचा खरपूस मसाला थंडपणीही चांगला लागतो.